केंद्र क्रमांक एकतीसचं एकमत

गल्लीत त्यांना सगळे 'उमेदवार' म्हणत. धंद्याने टेलर, दुकान गल्लीच्या तोंडाशी, शिलाई चोख. पण चोख शिलाईचे टेलर काय, शोधले तर चार सापडतील. खासदारकीला सहा वेळा उभा राहिलेला आणि सहाही वेळा आडवा झालेला टेलर अख्ख्या उपनगरात एकच होता, त्यामुळे नाव पडलं ते पडलंच. माप द्यायला आलेली माणसंसुद्धा "उमेदवार, कंबरेत जरा ढिली ठेवा" असं म्हणायची आणि उमेदवारही मान हलवून वहीत लिहून घ्यायचे.

आता हे उभं राहण्याचं खूळ डोक्यात शिरलं कसं, ते ऐका. शहर फुगत फुगत इथवर आलं, तेव्हा सरकारला वाटलं की या लोकांना स्वतःचा खासदार हवा. साबणाचा कारखाना, दोन वसाहती, बस डेपो, एक तळं आणि अधल्यामधल्या गल्ल्या असं सगळं गोळा करून 'उत्तर उपनगर' नावाचा मतदारसंघ काढला. लोक खूश. पण नेमका त्याच महिन्यात उमेदवारांच्या दुकानासमोरचा बसथांबा कुणीतरी उचलून दोनशे पावलं पुढे नेऊन ठेवला. पूर्वी बस थांबली की खिडकीतल्या माणसाला समोर दुकान दिसायचं, घरी पडलेलं कापड आठवायचं. थांबा गेला तसं गिऱ्हाईकही गेलं. उमेदवारांनी अर्ज दिले, विनंत्या केल्या, बस कंपनीच्या साहेबाच्या टेबलासमोर तासन् तास उभे राहिले. शेवटी एक दिवस भडकले. "तुमच्यासमोर उभं राहण्यापेक्षा मी निवडणुकीला उभा राहतो!" साहेबाला वाटलं, माणूस रागात बोलतोय. दुसऱ्या दिवशी गडी अर्ज भरून मोकळा.

जाहीरनाम्यात कलम एकच: बसथांबा परत आणणार. सव्वीस वर्षांत सहा निवडणुका झाल्या, कलमात काना-मात्रेचा फरक नाही. चिन्ह तेवढं दर वेळी बदलायचं. यांना हवी होती कात्री. चिठ्ठीत निघाली किटली. मग शिडी, मग बादली, मग चमचा. पाचव्या खेपेला कंगवा निघाला, तेव्हा यांच्या डोक्यावर शपथेला केस उरला नव्हता. सहाव्यांदा एकदाची कात्री मिळाली, तर लोक म्हणायला लागले, "निवडून आले की खिसे कापणार!" आता काय बोलणार?

दर वेळी निवडून यायचे ते वकीलसाहेब. उंच, गोरे, आवाज असा की माईकची गरज नाही. उमेदवारांना माईक लागायचा आणि तो कधी चालायचा नाही. तरी रिक्षातून फिरत ते घसा फोडून सांगायचे, "या वकिलाला मत देणाऱ्याने आधी आपली अक्कल तपासून घ्यावी!" लोक टाळ्या वाजवायचे आणि मत वकिलाला द्यायचे.

मग सरकारचं मन पुन्हा पालटलं. एक आयोग आला, त्याने नकाशा पसरला आणि मतदारसंघाचे सरळ तीन तुकडे केले. कारखाना एकाला, वसाहती दुसऱ्याला, उरलं ते तिसऱ्याला. उमेदवारांनी तो नकाशा वर्तमानपत्रात पाहिला आणि कपाळावर हात मारला. "तिरपं कापलंय हो! कापड वाया घालवलं नुसतं!" खरं दुःख वेगळंच होतं. दुकान एका मतदारसंघात गेलं होतं आणि बसथांबा दुसऱ्या. आता उभं राहायचं तरी कुठे? वकीलसाहेबांची गत याहून मजेशीर. ते झाले माजी मतदारसंघाचे माजी खासदार. गल्ली त्यांना नुसतं 'माजी' म्हणू लागली. पूर्वी फक्त माज होता, आता माजी झाले, असं उमेदवार प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, आणि पुन्हा आलेल्याला पुन्हा सांगत.

या सगळ्या इतिहासात उमेदवारांना एकच गोष्ट सलत होती, आणि ती बसथांब्याची नव्हती. पहिल्या निवडणुकीच्या वेळी त्यांची बायको दुकानाच्या पायरीवर उभी राहून, चारचौघांच्या देखत म्हणाली होती, "माझं मत मिळायचं नाही हो तुम्हाला! निवडून आलात तर राजधानीत जाऊन बसाल. मग इथे लोकांच्या पँटी कोण शिवणार, मी?" गल्ली हसहसून लोळली. तेव्हापासून जो तो विचारायचा, "काय उमेदवार, घरचं मत मिळालं का?" तेही हसायचे. पण रात्रंदिवस शेजारच्या मशीनवर बसणारी, काजं-बटणं करणारी, आपल्याआधी उठून दुकान झाडणारी बाई, तिने एकदाही आपल्याला मत दिलं नाही, हे त्यांना फार लागायचं. विचारायची हिंमत झाली नाही. "नाही दिलं" असं तोंडावर म्हणाली असती तर काय घ्या!

वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी जुन्या मतदारसंघाचा इतिहास लिहायला घेतला, तो असा की बंद झालेल्या मतदारसंघाचे कागद रद्दीत जाणार असं त्यांच्या कानावर आलं. बाई तडक कचेरीत गेल्या आणि सहा निवडणुकांची बाडं रिक्षात घालून घेऊन आल्या. तीन महिने शिंकत शिंकत वाचली. मग एक मोठा तक्ता छापून वाचनालयाच्या भिंतीवर लावला: स्थापना, सीमा, विजयी उमेदवार, विशेष नोंदी. विशेष नोंदींत चौथ्या ओळीत लिहिलं होतं, 'केंद्र क्रमांक ३१ येथे अपक्ष उमेदवार (व्यवसाय : शिवणकाम) यांना पहिल्या पाचही निवडणुकांत एकमत मिळाले.'

केंद्र क्रमांक एकतीस म्हणजे गल्लीतली शाळा. त्या केंद्रावर गल्लीशिवाय कुणाचं मतदानच नव्हतं.

ही ओळ पहिल्यांदा वाचली केस कापणाऱ्याने. तो सकाळी पेपर वाचायला तिथे जायचा. वाचून त्याला घामच फुटला. त्याने पाचांपैकी एकदाही उमेदवारांना मत दिलं नव्हतं. म्हणजे सगळ्या गल्लीने दिलं आणि आपण एकटेच नतद्रष्ट निघालो! तो तसाच दुकानात आला आणि उमेदवारांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "पाचही वेळा तुम्हालाच दिलं हो. बोललो नाही कधी." अर्ध्या तासाने बेकरीवाला आला. त्याने तर डोळ्यांत पाणीच आणलं. दुपारपर्यंत शाळेचे निवृत्त हेडमास्तर, दूधवाली, सायकल दुरुस्तीवाला, सगळे येऊन गेले. प्रत्येकाला वाटत होतं की गद्दार आपण एकटेच, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगत होता की मी तुमचाच. एकाने तर, जो चौथ्या निवडणुकीनंतर गल्लीत राहायला आला होता, पाचही वेळा मत दिल्याचं सांगितलं.

उमेदवारांचे पाय जमिनीला टेकेनात. आरशासमोर उभे राहून ते स्वतःलाच नमस्कार करायचे तेवढे बाकी होते. बायको शेजारच्या मशीनवर खाली मान घालून शिवत होती. गिऱ्हाईक गेलं की ती फक्त "हं" म्हणायची. त्या 'हं'मध्ये काय होतं कोण जाणे. उमेदवार मनात हिशेब करत होते: एकमत म्हणजे सगळे. सगळे म्हणजे हीसुद्धा. म्हणजे हिनेही दिलं!

हा आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी एक कोट बेतताना त्यांचा हात थांबला. माप जुळत नव्हतं. कोटाचं नव्हे, तक्त्याचं. तिसऱ्या निवडणुकीत आपल्याला सगळ्या मतदारसंघातून मिळून मतं पडली एकशे त्रेचाळीस. एकतीस नंबरवर मतदार आठशेच्या वर. मग सगळ्यांनी दिली कशी? आणि दुसरी गोष्ट तर अशी होती की ती त्यांनी सव्वीस वर्षांत कुणालाही सांगितली नव्हती. तिचा विचार येताच त्यांनी कात्री खाली ठेवली आणि वाचनालय गाठलं.

ग्रंथपालबाईंनी बाड काढलं, चष्मा लावला, बोट फिरवलं, आणि "अगं बाई!" म्हणून खुर्चीतच बसल्या. "टंकलेखकाने घोळ घातला हो! मी लिहून दिलं होतं 'एक मत'. एक, जागा, मग मत. त्याने दोन्ही शब्द जोडून टाकले."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला एकतीसवर दर वेळी एकच मत पडलंय. मला गंमत वाटली म्हणून नोंद केली होती. माफ करा. उद्या सकाळी दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवते." मग त्यांना उमेदवारांचा चेहरा दिसला आणि त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "जाऊ द्या, स्वतःचं तरी मत कुठे गेलं नाही ना!"

तिथेच तर सगळी गोम होती. ते मत उमेदवारांचं नव्हतं.

पहिल्या निवडणुकीत ते मोठ्या तोऱ्यात शाळेत शिरले होते. मतपत्रिका घेतली, आडोशाला गेले, शिक्का शाईत बुडवला आणि स्वतःच्या नावासमोर नेला. आणि तिथे हात अडला. स्वतःच स्वतःला मत द्यायचं? स्वतःची पाठ स्वतःच थोपटायची? लाजेने त्यांचे कान लाल झाले. बाहेर रांग खोळंबली होती, अधिकारी खाकरत होता. गडबडीत शिक्का मारला तो वकीलसाहेबांच्या नावासमोर. पुढच्या वेळी ठरवून गेले होते, पुन्हा तेच. असं सहा वेळा झालं. सकाळी ज्याच्या नावाने शंख करायचा, दुपारी त्यालाच गुपचूप मत देऊन यायचं. अक्कल तपासायची तर पहिली त्यांचीच तपासायला हवी होती.

"आणि सहाव्या वेळी?" त्यांनी विचारलं. "तक्त्यावर पाचच आहेत."

"सहाव्या वेळी शून्य. तसं एक पडलं होतं, पण बाद झालं. मोजणीच्या वहीत शेरा आहे, थांबा, तोही मजेशीर आहे." बाईंनी पानं उलटली आणि वाचून दाखवलं. "'मत बाद. उमेदवाराच्या नावासमोर शिक्का असून शेजारी निळ्या खडूने लिहिलेले आहे : अहो, आता पुरे.' कुणीतरी वैतागलेला मतदार दिसतोय!" त्या खूप हसल्या.

उमेदवार हसले नाहीत. गल्ली आणि गिऱ्हाईक त्यांना उमेदवार म्हणत, माजी 'ते शिंपी' म्हणत. नुसतं 'अहो' म्हणणारं माणूस जगात एकच होतं. आणि कापडावर खुणा करायचा निळा खडू खिशात घेऊन मतदानाला जाईल असंही माणूस तेच.

घरी जाताना ते दोनशे पावलांवरच्या त्या बसथांब्याजवळून गेले आणि त्यांचं तिकडे लक्षसुद्धा गेलं नाही. दिलं होतं! दर वेळी दिलं होतं! आता जायचं, तिच्यासमोर बसायचं आणि सांगायचं, मला सगळं कळलंय. ती लाजेल. "काहीतरीच तुमचं" म्हणेल. वाटभर त्यांनी तिचं लाजणं रंगवलं. एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नाही, की मोजता तिलाही येतं.

बायको एका पँटीला तुरपाई करत होती. "काय म्हणाल्या बाई?"

"छपाईची चूक झाली. एकमत नाही. एक मत. दर वेळी एकच." उमेदवार मिशीत हसत म्हणाले.

सुई थांबली. "एक?"

"एक."

"नीट मोजलंय का त्यांनी?"

"सरकारी मोजणी आहे."

"मग दोन असायला हवीत," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मग हळूच मान वर केली. तिच्या डोळ्यांत लाज वगैरे काही नव्हतं. "एक माझं. तुमचं कुठे गेलं?"

"ते... म्हणजे... आपणच आपल्याला कसं द्यायचं? लाज वाटली मला."

"लाज वाटली? भिंतीभिंतीवर स्वतःचा फोटो चिकटवत फिरलात, माझ्या ओट्यावर खळ शिजवलीत, तेव्हा नाही वाटली ती?"

"ते वेगळं."

"मग दिलं कुणाला?"

उमेदवार मापाची पट्टी गळ्यातून काढून गुंडाळू लागले. ती उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"वकिलाला?" तिचा आवाज चढला. "त्या वकिलाला दिलंत? पाचही वेळा?"

"सहा," उमेदवार म्हणाले. निदान आकडा तरी खरा सांगावा असं त्यांना वाटलं.

पँट एकीकडे आणि रीळ दुसरीकडे गेलं. बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आता आकाश कोसळणार म्हणून उमेदवारांनी डोळे मिटून घेतले. पण ती ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "मला वाटायचं आपली दोन आहेत. गल्लीने तोंडाला पानं पुसली तरी घरची दोन आहेत, असं म्हणून मी दर वेळी जायचे. आणि मी एकटीच होते की हो!"

उमेदवारांनी डोळे उघडले. इतकी वर्षं आपण एकटे आहोत असं वाटून घेत होतो, आणि एकटी होती ती.

"पण तू तर पायरीवर उभी राहून सांगितलं होतंस की..."

"म्हणायला काय जातं? तुम्ही निवडून यायला नकोच होतात मला. पण एकसुद्धा मत पडलं नाही, असंही व्हायला नको होतं. माणूस तोंडघशी पडला असता माझा."

"आणि ते खडूने लिहिलेलं?"

ती एकदम गडबडली. "तेही कळलं का? अहो, त्या वेळी तुमचे पाय केवढे सुजले होते! चप्पल घालता येत नव्हती, तरी दारोदार फिरत होतात. तोंडाने सांगितलं असतं तर ऐकलं असतंत? म्हटलं मतपत्रिकेवर लिहावं. सरकारी कागद आहे, मोजणारा तुम्हाला वाचून दाखवेल. त्याने मत बाद होतं हे मला कुणी सांगितलं होतं?"

उमेदवारांना हसू फुटलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदमच. बायकोने मात्र पँट उचलली, रीळ शोधून आणलं. "उद्या चिठ्ठीवर काय लिहिणार आहेत त्या?"

"एक मत."

"नुसतं एक मत? मग गल्ली म्हणणार, यांनी स्वतःलाच दिलं असेल. म्हणजे भोगलं मी आणि नाव तुमचं! ते चालायचं नाही. माझं होतं म्हणून सांगा."

"तसं सांगितलं तर लोक विचारतील, माझं कुठे गेलं."

"विचारतील," ती म्हणाली आणि दाताने दोरा तोडला.

रात्रभर उमेदवार कूस बदलत राहिले. गल्लीसमोर सहा वेळा पडलेला माणूस, पण आजवर निदान ताठ पडला होता. आता सातव्यांदा पडायचं, तेही आपल्याच तोंडाने. नाही सांगितलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? शेजारी बायको झोपली होती. तिचं बिघडणार होतं.

सकाळी वाचनालयात ही गर्दी. चिठ्ठी लागणार हे षट्कर्णी झालं होतं. केस कापणारा, बेकरीवाला, हेडमास्तर, दूधवाली, सगळे मतदार हजर. माजी नेहमीच्या टेबलाशी पेपर वाचत बसले होते. ग्रंथपालबाईंनी चिठ्ठी चिकटवली. 'एकमत' गेलं, 'एक मत' आलं. सगळ्यांनी वाचलं आणि सगळे छताकडे, पंख्याकडे, एकमेकांच्या चपलांकडे बघू लागले. मग केस कापणारा धीर करून म्हणाला, "ते एक माझंच होतं." बेकरीवाला म्हणाला, "तुझं कसं? माझं होतं!" हेडमास्तरांनी घसा साफ केला. बघता बघता एका मताला सात मालक झाले आणि आवाज चढू लागले.

"ते मत माझ्या बायकोचं आहे," उमेदवार म्हणाले.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज माईकशिवाय शेवटच्या माणसापर्यंत पोचला. सगळे दाराकडे वळले. दारात बायको उभी होती, हातात दुकानाची किल्ली.

"आणि तुमचं?" कुणीतरी विचारलंच.

उमेदवार पुढे सरकले. त्यांनी टेबलाची कड धरली. "माझं या वकीलसाहेबांना. सहाही वेळा."

मग बेकरीवाल्याने जी हसायला सुरुवात केली ती भिंती हादरेपर्यंत. दूधवाली पदर तोंडाला लावून खाली बसली. माजींनी पेपर खाली केला. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. "तुम्ही? मला?" ते म्हणाले. "अहो भल्या माणसा, मग तसं येऊन सांगायचं ना! माझ्या मतदाराचा बसथांबा मी आठ दिवसांत आणून दिला असता!"

यावर तर ग्रंथपालबाईसुद्धा शांतता राखण्याची पाटी विसरल्या. हसण्याचा नुसता कल्लोळ चालला होता आणि मधोमध उमेदवार उभे होते, कानांच्या पाळ्या लाल, मान खाली. तेवढ्यात गर्दी बाजूला सारत बायको पुढे आली. तिने माजींच्या शेजारची खुर्ची ओढली, हाताने पुसली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, बसा आता."

उमेदवार बसले. ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभी राहिली.